दादाचा ‘येतो’

मी माझ्या थोरल्या भावाला फसवलं आणि त्याच दुपारी माझ्या मुलीलाही फसवलं. त्याला एक सांगितलं, तिला दुसरं. दोघांनीही माझ्यावर विश्वास ठेवला.

याला सहा वर्षं झाली. हे मी कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, इथल्या मित्रांपाशी नाही, एकट्यानं गाडी चालवताना स्वतःशीसुद्धा मोठ्यानं नाही. मग आज तुम्हाला का सांगतोय? तुमची-माझी ओळख नाही म्हणून असेल. किंवा येत्या शुक्रवारी माझी मुलगी मिरजेला निघाली आहे म्हणून — पण ते पुढे सांगतो. आधी मी कोण ते ऐकून घ्या. त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आणि खरं म्हणजे, ते सांगायला मला आवडतं.

मी जुन्या मशीन विकत घेतो आणि विकतो. लेथ, मिलिंग, ग्राइंडिंग. मिरजेहून डिप्लोमा करून एका कंपनीच्या मशीन बसवायला म्हणून हॅनोव्हरला आलो होतो, तीन महिन्यांसाठी. आज हॅम्बर्गला माझी स्वतःची हाले आहे, म्हणजे मोठी शेड, क्रेनसकट. जर्मनीतल्या लहान लहान गावांत म्हातारे मालक वर्कशॉप बंद करत असतात. मुलांना धंदा नको असतो. मी जातो, त्यांच्याबरोबर कॉफी पितो, मशीन चालू करायला सांगतो आणि डोळे मिटून ऐकतो. बेअरिंग गेलं असेल तर आवाजात कळतं. मग किंमत. जर्मन माणूस ‘फेस्टप्राइस’ म्हणतो — ठरलेली किंमत, घासाघीस नाही. मी ‘जा, गेनाऊ’, म्हणजे ‘हो, अगदी बरोबर’ म्हणतो, मान डोलावतो आणि मशीनभोवती आणखी एक फेरी मारतो. तिसऱ्या फेरीला किंमत हलते. आजवर एकदाही हलली नाही असं झालेलं नाही.

आणि हे लिहून ठेवा — एकाही मशीनबद्दल मी गिऱ्हाइकाशी खोटं बोललेलो नाही. गिअरबॉक्स फुटका असेल तर फुटका म्हणून विकतो. कोल्हापूर, सांगली, पुणे, कुठेही विचारा. मशीन माझ्या पैशानं घेतलेली असते, माझ्या नावावर जाते, बिघडली तर फोन मला येतो आणि उत्तर मी देतो.

म्हणून तो शब्द मला इतका लागला.

दादाच्या मुलीचा साखरपुडा होता. आम्ही तिघंही हॅम्बर्गहून मुद्दाम गेलो होतो — मी, बायको मेधा आणि आमची ईशा. दादा म्हणजे मिरजेत शाळेचे हेडमास्तर, गावात शब्दाला वजन. मुलाकडची मंडळी बसली होती. दादानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ओळख करून दिली, “हा आमचा धाकटा, विजू. जर्मनीत दलाली करतो.”

मंडळी हसली. दादाही हसला. एक जण म्हणाला, वा, आंतरराष्ट्रीय दलाल.

मी ताट खाली ठेवलं आणि निघून आलो. जेवणाच्या पंगतीतून. मागून वहिनी हाका मारत होत्या.

तुम्ही म्हणाल, एका शब्दावरून? हो, एका शब्दावरून. दलाल म्हणजे कोण? जो मध्ये उभा राहतो. माल त्याचा नाही, जोखीम त्याची नाही. इकडच्याला एक सांगायचं, तिकडच्याला दुसरं सांगायचं, आणि त्या दोघांनी एकमेकांशी बोलू नये याची काळजी घ्यायची. मी तो नाही. लहानपणी ज्याच्या सायकलच्या मागच्या सीटवर बसून शाळेत गेलो, ज्यानं माझी डिप्लोमाची ड्रॉइंग शीट रात्र रात्र धरून ठेवली, त्याला हे कळत नाही? हेडमास्तराला शब्दाचा अर्थ कळत नाही? मी त्याला पत्र लिहिलं, जाब विचारला. त्याचं उत्तर आलं — अरे, गंमत केली, एवढं काय. त्यानंतर मी त्याच्याशी बोललो नाही.

ईशा मात्र बोलायची. दर रविवारी दुपारी. ती तेव्हा अकरा वर्षांची. दादानं तिला फोनवरून मराठी शिकवायचं मनावर घेतलं होतं आणि आमच्या भांडणाचा त्यावर परिणाम होऊ दिला नव्हता — हे त्याचं मोठेपण, मला मान्य आहे. फोन वाजला की मी ईशाकडे द्यायचो आणि खोलीबाहेर जायचो. दाराआडून ऐकू यायचं. तो ‘येणे’ म्हणायचा, ही ‘कोमेन’ म्हणायची. तो ‘जाणे’, ही ‘गेहेन’. तो मराठीत विचारायचा आणि ती जर्मनमध्ये उत्तरं द्यायची. दादाला जर्मनचं अक्षर येत नाही, तरी दोघं तासभर हसत असायची. चार वर्षं असं चाललं. माझ्या घरात माझ्या वैऱ्याचा आवाज दर रविवारी खिदळत होता, आणि मला सांगायची लाज वाटते — तो आवाज नाही आला तर मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

आता बोटीचं सांगतो.

मी शिडाची बोट चालवायला चाळिशीनंतर शिकलो. आल्स्टर तळ्यावर, हॅम्बर्गच्या पावसात, विशीतल्या पोरांबरोबर. परीक्षा जर्मनमध्ये. गाठी बांधायच्या, दिवे ओळखायचे, वाऱ्याची गणितं. वर्गात माझ्या रंगाचा मी एकटाच. पहिल्या खेपेला पास झालो. ईशाला मीच शिकवलं. ती माझ्यापेक्षा बरी निघाली — हे बाप म्हणून बोलत नाही, स्किपर म्हणून, बोटीचा कप्तान म्हणून बोलतोय. मी तिला पहिला नियम शिकवला होता: बोटीवर स्किपरच्या शब्दावर वाद घालायचा नाही. किनाऱ्यावर हवा तेवढा घाल.

हॅम्बर्गला मे महिन्यात शाळांना आठवडाभर सुट्टी असते. त्या वर्षी आम्ही ग्रीसला अथेन्सहून बोट भाड्यानं घेतली, चाळीस फुटी. बोटवाल्याकडेही मी तीन फेऱ्या मारल्या. आणि नेमके त्याच आठवड्यात दादा-वहिनी मिरजेहून टूरबरोबर ग्रीसला येणार होते — निवृत्तीनंतरची पहिली परदेशवारी. हे ईशानं रविवारच्या फोनवर शोधून काढलं. त्यांच्या टूरमध्ये एक दिवस अथेन्सहून मोठ्या जहाजानं तीन बेटं दाखवायची होती. शेवटचं बेट एजिना. दुपारनंतर तिथे दोन तास थांबणार. ईशानं नकाशा पसरला, अंतरं मोजली आणि मला म्हणाली, त्या दिवशी आपण एजिनाच्या बंदरात असू शकतो.

मी हो म्हटलं. ती मला गळामिठी मारायला आली, आणि लगेच काकाला कळवून मोकळी झाली. तिला वाटलं, बाबा विरघळला.

मी विरघळलो नव्हतो. मला ते दृश्य पाहिजे होतं. दादा धक्क्यावर उभा आहे, चाळीस लोकांच्या टूरमध्ये एक, गळ्यात टूरवाल्यांचं ओळखपत्र — आणि समोरून मी येतोय. सुकाणूच्या चाकावर मी. मुलगी पुढे दोर घेऊन उभी. बोट उलटी फिरवून पाठीमागून धक्क्याला लावायची, ग्रीसमध्ये तशीच लावतात, आणि ते सोपं नसतं, भले भले आपटतात. ते सगळं त्यानं पाहायचं. मग मी दोर बांधून उतरणार आणि म्हणणार, कसं काय दादा. बस. एवढंच. चार वर्षांचा हिशेब एका गाठीत.

ईशानं त्याच्यासाठी एक भेट केली होती. दोराची गोल गाठ, मुठीएवढी, खलाशी वजन म्हणून दोराच्या टोकाला बांधतात तशी. बारीक निळ्या-पांढऱ्या दोराची, किल्ल्या अडकवायला. तीनदा उसवून चौथ्यांदा जमली होती. मेधा सकाळपासून खाली केबिनमध्ये दोन बर्नरच्या शेगडीवर भाकरी थापत होती. भाऊजी आठ दिवस टूरचं खाऊन कंटाळले असतील, म्हणाली.

दुपार होती. हवा छान, वारा बेताचा. आम्ही दक्षिणेकडून आलो, पेर्डिका नावाचं कोळ्यांचं गाव मागे टाकलं आणि एजिनाच्या बंदराकडे वळलो. धक्क्याच्या टोकाला पांढरं, खेळण्यासारखं एक चर्च आहे. मी दुर्बीण लावली. त्या चर्चपाशी पिवळ्या टोप्यांचा घोळका. टूरवाल्यांनी दिलेल्या टोप्या. त्यात सर्वांत पुढे, अगदी कडेला, एक उंच माणूस. येणाऱ्या प्रत्येक बोटीकडे हात करून मागच्यांना काहीतरी सांगतोय. चार वर्षांनी पाहिलं मी त्याला. केस पूर्ण पांढरे झाले होते.

मी दुर्बीण जरा जास्तच वेळ धरून ठेवली. ते मी नाकारत नाही.

तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. घरच्या ग्रुपवर फोटो. दादा पिवळ्या टोपीत, मागे बंदर, आणि खाली त्यानं स्वतः लिहिलेलं — ‘आमच्या दलालसाहेबांच्या जहाजाची वाट पाहताना.’

पुन्हा तोच शब्द. सगळ्या नातेवाइकांपुढे. माझी बोट त्याच्यापासून पाच मिनिटांवर असताना.

माझा राग कसा असतो हे माझ्याकडच्या क्रेनवाल्याला विचारा. मला आवाज ऐकू येईनासा होतो. मी चाक फिरवलं. बोट जागच्या जागी वळली, शीड फडफडलं. ईशा पुढून ओरडली, काय झालं. ती फेंडर बांधून तयार उभी होती — बोट धक्क्याला घासू नये म्हणून लावतात ते फुगे.

“बंदर भरलंय,” मी म्हटलं. “जागा नाही. पेर्डिकाला जाऊ, दादाला तिकडे बोलावतो.”

जागा होत्या. मला तीन दिसत होत्या. ईशानं एकदा बंदराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. आणि दोर गुंडाळायला लागली. बोटीवर स्किपरच्या शब्दावर वाद नाही. मीच शिकवलं होतं ना?

हा पहिला खोटेपणा. दुसरा लगेच केला. दादाला मेसेज लिहिला, चार वर्षांनी पहिला — ‘वारा पडला. शिडं लटकली आहेत. पोचता येत नाही. सॉरी.’

शिडाच्या बोटीला इंजिन असतं. माझ्या पायाखाली होतं, चाळीस घोड्यांचं, चालू. वारा पडला तर पडला, प्रत्येक बोट इंजिनावरच बंदरात शिरते. पण मिरजेच्या हेडमास्तराला हे कुठून ठाऊक असणार? मी ते बरोबर ओळखलं. समोरच्याला काय माहीत नाही हे ओळखणं — माझा धंदाच तो आहे. फक्त धंद्यात मी त्याचा असा उपयोग कधी केला नव्हता.

त्याचं उत्तर आलं. ‘हरकत नाही रे. वाऱ्यापुढे कोणाचं चालतं. बोट झकास असणार.’

मी फोन चाकाजवळच्या खणात टाकला. पेर्डिकाच्या खाडीत पोचलो, मी पुढे जाऊन नांगर सोडत होतो, ईशाला चाकावर ठेवलं होतं. साखळीचा खडखडाट चालला होता. माझा फोन वाजला आणि तिनं उचलला. दादा होता. टूरवाल्यांनी शिट्टी मारली असेल, जहाजावर चढायची वेळ झाली असेल. माणूस निरोप घ्यायला फोन करतो तसा त्यानं केला. बोलणं मिनिटभर झालं असेल. ईशा धावत पुढे आली, डोळे चमकत होते.

“काका म्हणाला, ‘बरं ईशू, येतो मग.’ एर कोम्ट, बाबा. तो येतोय.”

आता सांगा. तुम्ही मराठी वाचताय, म्हणजे तुम्हाला सांगायला नको. आपल्यात निघणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही. ‘जातो’ म्हणणं अशुभ. उंबऱ्यावर उभं राहून आपण म्हणतो, येतो. पण हे पोरीला कुठून कळणार? दादा तिच्याशी फक्त फोनवर बोलायचा, आणि फोनवर आपण म्हणतो, ठेवतो. दादानंच तिला ‘येणे’ शिकवलं होतं, आणि तिच्या लेखी येणे म्हणजे कोमेन. आणि माझ्या घरात? माझ्या घरात सकाळी बाहेर पडताना तिघंही निरोपाचा एकच जर्मन शब्द म्हणतो — च्युस. पंधरा वर्षांत त्या मुलीनं आपल्या बापाच्या तोंडून एकदाही ‘येतो’ ऐकलेलं नव्हतं.

मला त्या क्षणी कळलं. शब्द कानावर पडताच कळलं. दादा निरोप घेत होता. एक वाक्य बोलायचं होतं — अगं वेडे, तो निघाला. बस, एवढंच वाक्य. मी हातातला साखळीचा हूक घट्ट केला आणि म्हणालो, “हां. बघू.”

खालून मेधानं विचारलं, येतायत का भाऊजी? ईशानं वरून ओरडून सांगितलं, हो, येतायत. मेधानं तिच्या तोंडचं ‘येतायत’ ऐकलं, दादाच्या तोंडचं ‘येतो’ नाही. तिनं पिठल्याला फोडणी दिली.

मी ईशाला रबराच्या छोट्या होडीतून किनाऱ्यावर सोडलं. तिथे एक बसथांबा आहे, गावाचा शेवटचा. शेजारी झाडाखाली बाक. टॅक्सी येऊन थांबतात तीही तिथेच. ती बसली, मांडीवर ती निळी-पांढरी गाठ. मी बोटीवर परत आलो. शंभर मीटरवरून ती मला दिसत होती. प्रत्येक गाडी आली की उभी राहायची. मी दुर्बीण लावली नाही. लावायची गरज नव्हती.

किती वेळ? पुरेसा. एक बस आली, मग दुसरी. फोन करून बघ, मेधा म्हणाली. लागत नाही, मी म्हटलं. मी लावलाच नव्हता. मेधाचा फोन केबिनमध्ये पडलेला होता, पण साखरपुड्यापासून तिचं आणि वहिनींचं बोलणं सणावारापुरतंच उरलं होतं — माझ्याच हट्टामुळे. ती पुढाकार घेणार नाही हे मला माहीत होतं. दोन्ही घरांनी आपापला मान सांभाळला आणि त्यात माझं खोटं सुखरूप राहिलं.

सूर्य उतरल्यावर मी ईशाला आणायला गेलो. ती रडली नव्हती. रडली असती तर कदाचित मी बोललो असतो — नाही, ही सबब झाली. खोडतो. ती होडीत बसली आणि जर्मनमध्ये म्हणाली, त्यानं येतो म्हटलं होतं. मी स्वतः ऐकलं.

आणि मी — हे लिहायला मला सहा वर्षं लागली — मी वल्हं मारता मारता म्हणालो, “तुझा काका असाच आहे. बोलतो एक, करतो एक.”

त्या रविवारी फोन वाजला तेव्हा ईशानं तो घेतला नाही. अभ्यास आहे म्हणून सांग, म्हणाली. पुढच्या रविवारीही नाही. दादा आणखी तीन-चार रविवार करत राहिला. मग त्यानं मला मेसेज केला, ‘ईशू मोठी झाली वाटतं. चांगलं आहे.’ मी अंगठा पाठवला.

मला तेव्हा काय वाटलं? खरं सांगू? जिंकल्यासारखं वाटलं.

यानंतरची तीन वर्षं मी हे नीट झाकून ठेवलं. मग एकदा कोल्हापूरजवळ शिरोलीला एका फाउंड्रीवाल्याकडे गेलो होतो, त्याला मी ग्राइंडिंग मशीन दिली होती. माझं नाव, गाव ऐकून तो माणूस एकदम खूश झाला. म्हणाला, तुम्हीच ना ते बोटवाले? तो आणि त्याची बायको त्याच टूरवर होते. म्हणाला, “काय सांगू साहेब, एजिनाला दोन तास मिळाले होते. तिथले पिस्ते प्रसिद्ध. पण तुमच्या दादांनी कुणाला बाजारात जाऊ दिलं नाही. सगळ्यांना धक्क्यावर उभं केलं. माझा भाऊ स्वतः बोट चालवत येणार आहे, बघूनच जा म्हणाले.”

मी चहा पीत राहिलो.

“एक बोट तर अगदी जवळ आली होती,” तो म्हणाला. “आणि वळली. आम्ही म्हटलं, सर, हीच असणार. तुमचे दादा म्हणाले, छे, विजू असा तोंड फिरवून जायचा नाही.”

तो चहा मी संपवला. मशीनचं बोलणं केलं. त्या दिवशी मी घासाघीस केली नाही, आणि त्या माणसाला वाटलं, जर्मनीवाले साहेब मोठ्या मनाचे आहेत.

मिरज तिथून तासाभरावर. मी गेलो नाही. पुण्याला गेलो आणि विमान पकडलं.

आता ईशा एकवीस वर्षांची आहे. हॅनोव्हरला मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकते, जिथे तिचा बाप तीन महिन्यांसाठी आला होता त्याच गावात. मला किती अभिमान आहे ते इथे लिहीत नाही, पानं पुरणार नाहीत. चार मुलींनी मिळून घर भाड्यानं घेतलंय, त्यात या सेमिस्टरला पुण्याची केतकी नावाची मुलगी राहायला आली. पहिल्याच सकाळी केतकी दप्तर पाठीला लावून दारातून म्हणाली, येते गं. ईशा कॉफीचे दोन कप घेऊन स्वयंपाकघरात थांबली. अर्धा तास. संध्याकाळी तिनं विचारलं, तू येते म्हणालीस आणि आली का नाहीस? केतकी हसत सुटली. मग तिनं समजावून सांगितलं.

ईशानं मला त्याच रात्री फोन केला नाही. दोन दिवसांनी केला. आवाज अगदी शांत. आणि मराठीत बोलली, मोडकंतोडकं, पण मराठीत.

“बाबा, काका तेव्हा निघाला होता. मला कळलं नाही. मी चुकीचं समजले.”

मग तिनं विचारलं,

“मी तुला तेव्हा काय सांगितलं होतं? त्याचा शब्द सांगितला होता, की नुसतं तो येतोय एवढंच म्हणाले?”

बघा, ती मला दार उघडून देत होती. तिच्या नकळत. आणि मी — एवढा सौदेबाज, एवढा स्पष्टवक्ता, फुटका गिअरबॉक्स फुटका म्हणून विकणारा — मी म्हणालो, “आठवत नाही गं. जुनी गोष्ट.”

तिनं तिकीट काढलंय. शुक्रवारी फ्रँकफर्टहून मुंबई, तिथून मिरज. एकटी. ती काकाची माफी मागायला चालली आहे. सहा वर्षं फोन घेतला नाही म्हणून. परवा तिनं मला विचारलं, एंटशुल्डिगुंगला मराठीत काय म्हणतात, साधं सॉरी नाही, खरं, मोठं. मी सांगितलं, माफी. तिनं दोनदा म्हणून पाहिलं. ती गाठ तिनं टाकली नव्हती. पेन्सिलींच्या डब्यात होती, अजून आहे, ती बरोबर नेणार आहे.

एकवीस वर्षांची मुलगी माझ्या पापाची माफी मागायला विमानात बसते आहे आणि मी तिला शब्द पुरवतोय.

दादावरचा माझा राग गेला का? नाही. तो शब्द त्यानं साखरपुड्यात वापरायला नको होता आणि ग्रुपवर लिहायला नको होता, आणि हे मी त्याला पुन्हा सांगणार. तो शब्द माझ्या धंद्याला लागू होत नाही. आजही होत नाही. पण त्या एका दुपारी मी माझ्या भावाच्या आणि मुलीच्या मध्ये उभा राहिलो, इकडे एक सांगितलं, तिकडे दुसरं सांगितलं, आणि सहा वर्षं त्या दोघांनी एकमेकांशी बोलू नये याची काळजी घेतली. याला काय म्हणतात ते मीच वर लिहून बसलोय. पुन्हा लिहायला लावू नका.

मी त्याच विमानाचं तिकीट काढलंय. ईशाला अजून माहीत नाही. विमानतळावर दिसेन तेव्हा कळेल. आणि मिरजेच्या दारात ती ‘माफी’ म्हणायला तोंड उघडेल त्याच्या आधी मी बोलणार. विजू, बंदरात जागा होती की नव्हती? इंजिन चालू होतं की बंद? ‘येतो’चा अर्थ तुला येत होता की नाही? हे दादानं विचारावं. नाही विचारलं तर मी विचारणार, दोघांच्या देखत, माझ्याच नावानं, आणि उत्तर घेतल्याशिवाय सोडणार नाही. मी आजवर कुणालाही सोडलेलं नाही.